रूआँमधला रविवार

माझे बाबा गेले त्या दिवशी मी फ्रान्समधल्या रूआँ नावाच्या जुन्या शहरात हिंडत होते. बाबा सोलापुरात पहाटे झोपेतच गेले. आमच्या बसमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना ते सकाळीच कळलं होतं, एक मी सोडून. मी दिवसभर चर्चं बघितली, सफरचंदाचा टार्ट खाल्ला, फोटोत दात काढून हसले. दुसऱ्या दिवशी साउथहॅम्प्टनला घरी पोहोचल्यावर, चहा आणि उपमा पोटात गेल्याची खात्री करून, मला सांगण्यात आलं. तोवर सोलापूरला सगळं उरकलं होतं. बाबांचा चेहरा एकदा शेवटचा बघायला मिळावा, एवढंच मी मागितलं असतं, आणि ते मिळण्यासारखं होतं. म्हणून तो दिवस डोक्यातून जात नाही.

लोक म्हणतात, परदेशात राहायचं म्हटलं की हे आलंच. मला ते पटत नाही. परदेशाने माझं काही वाकडं केलं नाही. जे केलं ते आपल्या माणसांनी केलं, आणि मायेने केलं. मायेने केलेल्या गोष्टीवर माणसाला धड चिडताही येत नाही, आणि मी तर जात्याच चिडकी.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. नवरा भूल देणारा डॉक्टर, मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. साउथहॅम्प्टनला आणि आसपास दहा-बारा मराठी कुटुंबं, बहुतेक हॉस्पिटलवालीच. गणपती आणि दिवाळी भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची, आणि मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सरकारी सुट्टीला जोडून, सगळ्यांची मिळून एक ट्रिप. ट्रिपचं बघायचे ते एक रिटायर्ड सर्जन काका आणि त्यांच्या पत्नी. काकू म्हणजे आम्हा सगळ्याजणींची इथली सासू. कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा बॉयलर बंद पडलेला असो, काकूंना विचारल्याशिवाय कुणी पाणी पीत नसे. त्या वर्षी काकांनी रूआँ काढलं. शनिवारी संध्याकाळी पोर्ट्समथहून आख्खी बस जहाजाच्या पोटात घालायची, सकाळी फ्रान्सच्या किनाऱ्याला लागायचं, रविवारचा दिवस गावात काढायचा आणि रात्रीच्या जहाजाने परत. आमचे दोघांचे पासपोर्ट अजून भारतीय होते. फ्रान्सच्या व्हिसासाठी रजा टाकून लंडनला रांगेत उभं राहिलो होतो, त्यामुळे मला त्या ट्रिपचं जरा जास्तच अप्रूप होतं.

माझ्याहून जास्त अप्रूप बाबांना. बाबा जिल्हा परिषदेत ओव्हरसिअर होते. रस्ते, पूल, शाळांच्या खोल्या, हेच आयुष्यभर केलं. कुठलंही देऊळ असो, ते देवाच्या आधी जोत्याला हात लावून बघायचे, आणि आई दर वेळी चिडायची. मी दर रविवारी दुपारी फोनकार्ड लावून त्यांना फोन करायचे. आधीच्या रविवारी रूआँचं सांगितलं तर लगेच म्हणाले, "मोठं चर्च आहे म्हणतेस ना? दगड कुठला ते विचार. आणि नदीकाठी असेल तर पाया कसा घेतला तेही."

"बाबा, पाया कसा दिसणार मला? तो जमिनीत असतो."

"दिसत नाही म्हणूनच विचारायचं. पुढच्या रविवारी सांग मला."

हे आमचं शेवटचं बोलणं.

जहाज ल हाव्र बंदराजवळ आलं तसे सगळ्यांचे मोबाइल जागे झाले. मी केबिनमध्ये वेणी घालत होते, नवरा कॉफी आणायला गेला होता. तिथे रांगेत त्याला माझ्या दादाचा फोन आला. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, पण इथे सरळ सांगते. दादा म्हणाला, बाबा गेले, तिला आत्ता सांगू नकोस, परक्या गावात सैरभैर होईल, घरी गेल्यावर सांग. मग त्याने विचारलं, थांबायचं का तिच्यासाठी? नवऱ्याने कॉफीच्या रांगेत उभ्या उभ्या हिशेब केला. उद्या सकाळी साउथहॅम्प्टन, मग हीथ्रो, मग मुंबई, मग सोलापूर. म्हणजे मंगळवारची संध्याकाळ. सोलापूरचा मे महिना त्याला माहीत होता. तो म्हणाला, नका थांबू.

मग तो काकूंकडे गेला. काकूंनीही तेच सांगितलं. "परक्या मुलखात कुठे रडेल बिचारी? ना घर, ना पाठ टेकायला जागा. आणि जाणार कुठे? जहाज रात्रीच आहे. तोवर दिवस तरी बरा जाऊ दे तिचा. मी बघते." काकूंनी बघायचं म्हटलं की ते झालंच. मी वेणीला रबर लावून वर येईपर्यंत सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली होती.

त्या हिशेबात एक चूक होती, आणि ती इंग्लंडमधली आपली माणसंच करू जाणोत. आमच्या डोक्यात भारतात जायची वाट एकच. आधी घर, मग बॅगा, मग भावजयीसाठी चॉकलेटं, मग हीथ्रो. दुसरी वाट जगात आहे हे आम्हाला माहीतच नसतं. रूआँहून पॅरिस आगगाडीने दीडएक तासावर. पॅरिसहून मुंबईला विमानं होती. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. सकाळी सांगितलं असतं तर मी सोमवारी दुपारपर्यंत सोलापूर गाठलं असतं, आणि एक रात्र बाबांना सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागारात ठेवता आलं असतं. दादा थांबायला तयार होता. बसमध्ये आठ डॉक्टर होते आणि एक इंजिनिअर. एकाच्याही डोक्यात पॅरिस आलं नाही.

इतकंच काय, हमरस्त्यावर पॅरिसची पाटी आली तेव्हा मीच म्हटलं, "काका, तसंच पुढे पॅरिसला जाऊ या की. रूआँ काय, परत कधीतरी." काका म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." नवरा खिडकीतून बाहेर गाई बघत होता.

बसमध्ये चढल्या चढल्या काकूंनी मला पुढची सीट दिली होती. ती सीट म्हणजे काकूंचं सिंहासन. गुडघ्यांमुळे त्यांना पाय पसरायला लागायचे आणि तिथे बसायची कुणाची टाप नव्हती. मी म्हटलं, "काकू, तुम्ही कुठे बसणार?" तर म्हणाल्या, "बस गं, पुढून छान दिसतं." मग डबे उघडले. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कुणी केलेले बेसनाचे लाडू. सगळे डबे आधी माझ्याकडे. एरवी शेवटी उरलेली मोडकी पुरी माझ्या वाट्याला यायची, कारण मी वाद घालण्यात गुंतलेली असायचे. त्या दिवशी कुणी माझ्याशी वाद घालेना. इराकचं युद्ध काढलं, तरी सगळे "बरोबर आहे तुझं" म्हणून गप्प.

मला यात काहीच खटकलं नाही, हे आता मला खरं वाटत नाही. पण माणसाला आपलं कौतुक खटकत नाही. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी या लोकांना मी आवडायला लागले.

रूआँ फार देखणं शहर आहे. लाकडाच्या उभ्याआडव्या तुळया भिंतीतून दिसणारी, पिवळी, लाल, निळी घरं, आणि म्हातारपणाने एकमेकांच्या खांद्यावर रेलल्यासारखी तिरकी झालेली. गल्ल्यांत फरसबंदी. एका कमानीवर सोनेरी मोठं घड्याळ आहे आणि त्याला एकच काटा. मिनिटांचा काटाच नाही. मी म्हटलं, हे आमच्या वॉर्डात लावायला हवं, म्हणजे राउंडला उशीर झाला असं कुणाला म्हणता येणार नाही. सगळे हसले. माझ्या विनोदांना सगळे एकदम हसत होते.

मोठ्या चर्चपाशी तिथली एक गाइड बाई भेटली, हातात मिटलेली लाल छत्री. मी बाबांचं काम काढलं. दगड कुठला? चुनखडीचा, म्हणाली, नदीच्या काठच्या खाणींतला, मऊ, म्हणून इतकं बारीक कोरता आलं, आणि मऊ म्हणूनच झिजतो. पाया कसा घेतला? ती हसली. म्हणाली, इतकी वर्षं मी हे चर्च दाखवते आहे, पायाचं कुणी विचारलं नाही. जमिनीखाली याच्याही आधीच्या चर्चचे अवशेष आहेत, एवढं तिला माहीत होतं. मी एका खांबाला हात लावून बघितला. गार होता, आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. मी नवऱ्याला बोटं दाखवली. "बाबांना सांगते, नख लावलं तर निघेल इतका मऊ आहे." नवरा म्हणाला, "हं." मग त्याला शिंक आल्यासारखं झालं आणि तो रुमाल काढून बाजूला गेला.

त्या चर्चच्या एका मनोऱ्याला लोण्याचा मनोरा म्हणतात. गाइड म्हणाली, उपासाच्या दिवसांत लोणी खायची परवानगी हवी म्हणून लोकांनी चर्चला पैसे दिले आणि त्यातून मनोरा उभा राहिला, असं सांगतात. मला हे इतकं आवडलं. बाबांना एकादशी म्हणजे शिक्षा. आई साबुदाण्याची खिचडी मोजून वाढायची आणि ते दुपारी चोरून शेंगा खायचे. मी मोठ्याने म्हटलं, "बाबांनी असे दोन मनोरे बांधले असते. आज फोनवर सांगितल्यावर बघा कसे हसतील." माझ्या शेजारी माझी मैत्रीण उभी होती, लहान मुलांची डॉक्टर. इथल्या बायकांत तिच्याशीच माझं अरेतुरेचं. तिने माझा दंड धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी म्हटलं, "काय गं, चक्कर येतेय का?" ती म्हणाली, "लो शुगर झाली बहुतेक." मी पर्समधून तिला गोड गोळी काढून दिली. डॉक्टरीण ना मी.

गाइडच्या यादीत पुढे एक अंगण होतं. जुन्या प्लेगच्या साथीतली दफनभूमी, भोवती लाकडी इमारती आणि त्यांच्या तुळयांवर कवट्या-हाडं कोरलेली. मला ते बघायचंच होतं. काकू म्हणाल्या, "आज नको." मी विचारलं का, तर म्हणाल्या, "माझे गुडघे." मग अंगण रद्द झालं आणि गुडघे दुखणाऱ्या काकू आम्हाला घेऊन तरातरा जुन्या बाजाराच्या चौकाकडे निघाल्या.

पण त्या चौकात काय आहे हे काकूंना माहीत नव्हतं. घोड्यावर बसून फौजेपुढे लढलेल्या त्या फ्रेंच मुलीचा धडा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो. तिला जाळलं ते याच चौकात. जागेवर एक उंच क्रूस आहे आणि छोटीशी बाग. गाइड म्हणाली, चिता होती ती इथेच. मग राख नदीत टाकली तेही सांगितलं. मी पुढे होऊन ऐकत होते. मागे वळून बघते तर आमची मंडळी पांगलेली. कुणी दुकानाच्या काचेत बघतंय, कुणी बुटाची नाडी बांधतंय. नवरा तर चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. मी मैत्रिणीला हाक मारली आणि क्रूसाशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला.

तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला असेल. भारतात पाच. दादाने नंतर सांगितलं की ते पाचच्या सुमाराला स्मशानात पोहोचले. मी यात काही अर्थ शोधत नाही. शोधायला गेलं की डोकं फिरतं.

जेवणं झाल्यावर मला फोनची आठवण झाली. रविवार होता आणि बाबा फोनपाशी येऊन बसलेले असणार. माझं फोनकार्ड तिथल्या बूथमध्ये चालेना. मी नवऱ्याचा मोबाइल मागितला. बॅटरी गेली म्हणाला. काकांचा मागितला, त्यांचं रोमिंग नव्हतं. मैत्रिणीने पर्स उघडली, आत बघितलं आणि म्हणाली, "जहाजावरच राहिला वाटतं." मी म्हटलं, "एवढे कन्सल्टंट लोक आणि एकाचा फोन धड नाही. पेशंटचं कसं होतं तुमच्याकडे?" काकू म्हणाल्या, "उद्या घरून कर गं निवांत. आता ऊन आहे तर फिरून घे." मी म्हटलं, "काकू, बाबा वाट बघत असतील." काकूंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. काकू असलं काही करणाऱ्यातल्या नव्हेत. मला वाटलं, गावाची हवा लागली.

सांगायला जड जातं, पण तो माझा त्या काही वर्षांतला सगळ्यात सुखाचा दिवस होता. रात्री जहाजावर मी डोकं टेकताच झोपले. नवरा जागाच होता, पण तेही मला नंतर कळलं.

सकाळी काका-काकू आमच्याबरोबर घरीच आले. काकूंनी माझ्याच ओट्यावर माझ्याच कढईत उपमा केला. मी म्हणत होते, अहो मी करते, तुम्ही दमला असाल, तर मला बसवून ठेवलं. मी उपमा खाल्ला. चहा प्यायले. मग काकू खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. काका दारात उभे. नवरा सिंकपाशी, पाठ करून.

आमच्या हॉस्पिटलात वाईट बातमी सांगायची एक रीत आहे, आणि ती शिकवायला कोर्स असतो. पेशंटच्या नातेवाइकाचं काम करायला पगारी नट आणतात. आम्ही त्यांच्यासमोर बसून सराव करायचा. वेगळी खोली घ्यायची, टिश्यूचा डबा हाताशी ठेवायचा, खाली बसायचं. आधी म्हणायचं, मला तुम्हाला एक वाईट बातमी सांगायची आहे. मग थांबायचं. मग साध्या शब्दांत, 'मृत्यू झाला' असंच म्हणायचं, आडवळण घ्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उशीर करायचा नाही, कारण तो वेळ त्यांचा असतो, आपला नव्हे. हा कोर्स त्या बसमधल्या आठही डॉक्टरांनी केलेला होता. मी तर तो दुसऱ्यांना शिकवायचे.

काकूंनी माझा हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "बाबांना देवाज्ञा झाली बाळा."

मी विचारलं, "कधी?"

"काल."

"काल कधी?"

"पहाटे."

मी नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते रडण्याचं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे चर्चमध्ये तुम्हाला माहीत होतं?" मी परत म्हटलं, "मी दगड विचारत होते तेव्हा तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

काकू रडायला लागल्या. मग मीच त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळच्या विमानाचं तिकीट मिळालं. हीथ्रोच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता आणि मी पर्समध्ये पासपोर्ट चाचपत होते. उघडला तर फ्रान्सचा शिक्का, शाई अजून ताजी. तेव्हा मला पॅरिस सुचलं. मी शांतपणे म्हटलं, "रूआँहून पॅरिस किती लांब होतं रे?" त्याने हमरस्त्यावरच्या पुढच्या थांब्याला, सर्व्हिसेसला, गाडी वळवली, पार्क केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. तो एवढंच म्हणत होता, "माझ्या लक्षातच आलं नाही गं." मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता आणि गाडीतून उतरून चालायला लागावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. म्हटलं, "चल, विमान जाईल."

मंगळवारी संध्याकाळी सोलापूरला पोहोचले तेव्हा अस्थीही गोळा करून झाल्या होत्या. बाबांच्या पलंगावरची गादी काढून उन्हात टाकली होती, ती अजून गच्चीवर होती. दादा माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला कोपऱ्यात घेऊन काय बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. आईने मला जवळ घेतलं, पण फार वेळ नाही. घरात माणसांची रीघ होती. आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. मला वाटलं, दुःखाने माणूस असाच कोरडा होतो. दहावा-तेरावा झाला आणि मी परत आले.

वर्षभर आमचे फोन चालूच होते. दर रविवारी मी फोन करायचे, आई उचलायची, हवापाण्याचं बोलायची आणि दादाकडे द्यायची. रूआँच्या फोटोंची पाकिटं धुऊन आली होती. मी एकदाच बघितली. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख उमटायची. प्रत्येक फोटोत मी हसतेय, खाली ती तारीख, आणि माझ्या आजूबाजूचे सगळे कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघताहेत. पुढच्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे यायची ठरली तेव्हा मी ती पाकिटं माळ्यावर टाकली.

आई आली, घर बघितलं, माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलली. संध्याकाळी मी तिला बंदरापाशी पाण्याकाठच्या बागेत घेऊन जायचे. मोठमोठी जहाजं निघायची, वरून लोक हात हलवायचे आणि आईही हलवायची. कुणाला, ते तिचं तिला माहीत. अशीच एकदा बसली होती, शालीत हात घालून, आणि जहाजाकडे बघत म्हणाली, "एक विचारू? राग मानू नकोस."

"विचार ना आई."

"थांबू नका असं का म्हणालीस तू?"

मला काही कळेना.

"मी त्यांच्या उशाशी बसले होते," आई म्हणाली. "सगळे म्हणत होते, उन्हाळा आहे, उरकून घ्या. मी हलले नाही. म्हटलं, पोरगी आल्याशिवाय उचलायचं नाही. दोन दिवस लागू देत नाहीतर चार. बर्फ आणा. मग दादा आला आणि म्हणाला, तिच्याशी बोललोय, ती फ्रान्सला आहे, तिनेच सांगितलंय की थांबू नका. मग उठले. तुझ्या शब्दाखातर उठले. नाहीतर उठणार नव्हते मी." तिने शाल घट्ट ओढून घेतली. "वर्षभर राग होता मला तुझा. आईला काही विचारायचं असतं की नाही, असं वाटायचं. आता नाही गं. पण विचारावंसं वाटलं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आई, मला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढंच. असली वाक्यं बोलायचाच मला पगार मिळतो. आणि मला ते बोलायचं होतं. तिच्या त्या वर्षभराच्या रागाचा माझ्यावरचा डाग मला तिथल्या तिथे पुसून टाकायचा होता. पण तीन महिन्यांनी आई परत सोलापूरला जाणार होती. दादाच्या घरात राहणार होती, त्याच्या हातून औषधं घेणार होती. रोज सकाळी त्याचं तोंड बघताना तिला काय आठवलं असतं? आणि तिला तिथून उठवायला दादाला दुसरं काय सुचणार होतं?

मी म्हटलं, "उन्हाळा होता आई. बाबांच्या देहाचे हाल नकोत असं वाटलं मला."

आईने मान हलवली. "तेच मी मनाला सांगायचे. डॉक्टर आहे, विचार करूनच बोलली असेल." तिने शालीतून हात काढून माझ्या हातावर ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा. जहाज बरंच लांब गेलं होतं. मग ती म्हणाली, "दादाने फोनवर सांगितलं तेव्हा तुझ्याजवळ कुणी होतं का गं? की एकटीच होतीस?"

"होते," मी म्हटलं. "सगळे होते."